प्रेमाने जखम भरते का? 'हायवे' पुन्हा पाहताना

हिंदी सिनेमातलं प्रेम आपल्याला पाठ झालंय. तो भेटतो, ती भेटते, घरचे आडवे येतात, चार गाणी होतात आणि शेवटी सगळं गोड होतं. नायिकेच्या मनात एखादं जुनं दुःख असलंच, तर नायकाने तिला मिठीत घेतलं की ते संपलं असं आपण धरून चालतो. प्रेम मिळालं ना, मग आता रडायचं कशाला?

खऱ्या आयुष्यातही आपण हेच मानतो. मुलगी गप्प गप्प असते, रात्री दचकून उठते, कुणी जवळ आलं की अंग चोरते. घरातले म्हणतात, "लग्न झालं की होईल सगळं ठीक." लग्न होतं. ठीक काहीच होत नाही, फक्त घर बदलतं.

म्हणूनच इम्तियाज अली यांचा 'हायवे' पुन्हा एकदा पाहायला हवा. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेला हा सिनेमा बघायला गेलं तर प्रेमकथाच आहे. पण त्यातल्या मुलीला आधी प्रेमाची गरज नसते. तिचं कुणीतरी ऐकून घ्यावं एवढीच तिची गरज असते, आणि तिच्या भरल्या घरात नेमकं तेच मिळत नाही.

ज्यांनी सिनेमा अजून पाहिला नसेल त्यांना आधीच सांगून ठेवते, की या लेखात शेवटही येणार आहे. पण 'हायवे' शेवटासाठी बघायचा सिनेमा नाही, त्यामुळे बिनधास्त वाचा.

गोष्ट काय आहे?

वीरा त्रिपाठी (आलिया भट्ट) दिल्लीतल्या एका बड्या उद्योगपतीची मुलगी. लग्न अगदी तोंडावर आलंय. घरात पाहुणे, मेंदी, दागिने, गडबड. या सगळ्यात तिला गुदमरल्यासारखं होतं, म्हणून एका रात्री ती होणाऱ्या नवऱ्याला सोबत घेऊन गुपचूप गाडीने बाहेर पडते. थोडी मोकळी हवा खायची आणि परत यायचं, इतकाच बेत. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर दरोडा पडतो आणि दरोडेखोर तिला उचलून नेतात.

तिला पळवणारा महाबीर भाटी (रणदीप हुड्डा) हा तिरसट, कमी बोलणारा, सतत रागात असलेला माणूस. मुलगी कुणाची आहे हे कळल्यावर टोळीतल्या लोकांची पाचावर धारण बसते. पण महाबीर हट्टाला पेटतो. तो तिला ट्रकमध्ये घालतो आणि निघतो. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, पंजाब, हिमाचल आणि शेवटी काश्मीर असा हा प्रवास आहे.

ही कल्पना इम्तियाज अली यांच्या डोक्यात फार आधीपासून होती. झी टीव्हीवरच्या 'रिश्ते' मालिकेत १९९९ साली त्यांनी याच नावाचा एक भाग केला होता. पंधरा वर्षांनी त्याचा सिनेमा झाला. आलियाचा नायिका म्हणून हा जेमतेम दुसरा सिनेमा. 'स्टुडंट ऑफ द इयर'मधली नटवी कॉलेजकन्यका इथे विस्कटलेल्या केसांनी, मळक्या स्वेटरमध्ये ट्रकच्या मागच्या भागात बसलेली दिसते. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा समीक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला.

परदेशी चॉकलेट आणणारे काका

सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग येतो. टोळीतलाच एकजण वीराशी लगट करायला जातो. महाबीर त्याला बदडून काढतो. त्यानंतर वीरा बोलू लागते. सुरुवातीला सहज, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतेय अशी. मग तिचा आवाज फुटतो.

तिच्या घरी एक काका यायचे. वडिलांच्या उठबसीतले, मानाचे. येताना तिच्यासाठी परदेशी चॉकलेटं आणायचे, लाड करायचे. आणि एकटी सापडली की तिचं तोंड दाबून तिच्यावर अत्याचार करायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती तेव्हा लहान होती. तिने धीर करून आईला सांगितलं. आईने काय केलं? कुणाला सांगू नकोस म्हणून तिला गप्प केलं. काकांचं घरी येणं सुरूच राहिलं. त्यांच्यासमोर बसून चहा घ्यायचा, हसायचं, नीट वागायचं. आपल्याकडे 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणतात, तो शब्दशः हा असा.

या प्रसंगात महाबीर काय करतो ते नीट बघा. तो तिला जवळ घेत नाही, धीराचे चार शब्द बोलत नाही, सल्ला देत नाही. तो ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, की तिचं बोलणं त्याला खरं वाटतंय. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडतंय. स्वतःच्या आईकडे जे मिळालं नाही ते तिला एका गुन्हेगाराकडे मिळतं, आणि सिनेमा आपल्या घशाला लागतो तो इथे.

हे फक्त सिनेमातलं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. यात मुलगेही होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नव्हती.

म्हणजे वीराचं घर अपवाद नाही. फरक एवढाच, की तिच्या घरात झुंबरं आहेत.

ती पळून का जात नाही?

'हायवे' पाहताना अनेकांना हा प्रश्न पडतो. सुरुवातीला ती एकदा पळतेही. रात्रीच्या अंधारात, उघड्या माळावर, दिसेल त्या दिशेने धावत सुटते. पण पळणार कुठे? चहूकडे ओसाड. ती आपणहून परत येते.

पुढे एका ठिकाणी पोलीस ट्रक तपासायला येतात. एक हाक मारली असती तर ती सुटली असती. ती मात्र सामानामागे लपून बसते. नंतर तिलाच नवल वाटतं, की मी असं का केलं? हळूहळू तिच्या लक्षात येतं, की ज्या घरातून तिला आणलं त्या घरात तिला परत जायचंच नाही. या खडखडणाऱ्या ट्रकमध्ये तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतोय. ती बडबडते, हसते, डोंगरातल्या नदीतल्या खडकावर बसून हसता हसता रडते. ते रडणं बघताना आपल्याला कळतं, की ही मुलगी इतकी वर्षं घरात नुसती वावरत होती.

लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसांबद्दल आपण फार चटकन निकाल देतो. तेव्हाच का नाही ओरडली? मग इतकी वर्षं त्यांच्याशी हसूनखेळून कशी वागत होती? ज्या मुलाला संकट घरातच भेटतं त्याच्याकडे पळून जायला जागा नसते. मग ते मूल गोठून जातं, नीट वागायला शिकतं, सगळ्यांना आवडेल असं राहतं. वीराचा शहाणा, सुसंस्कृत चेहरा हा असाच कमावलेला आहे. तो तिचा स्वभाव असल्याचं घरच्यांना वाटत राहतं.

महाबीरचीही एक जखम आहे

सिनेमा फक्त वीराचा असता तर तो अर्धाच राहिला असता. महाबीरच्या आतही एक लहान मुलगा अडकून पडलाय. बापाने त्याला आणि त्याच्या आईला मारझोड केली. पैसेवाल्यांनी आईची विटंबना केली. तो घर सोडून गेला आणि परत कधीच गेला नाही. आई त्याला अंगाई गायची, एवढी एकच मऊ आठवण त्याच्याकडे उरलीय. म्हणून श्रीमंतांबद्दलचा त्याचा सगळा राग आधी वीरावर निघतो.

वीरा त्याला त्या अंगाईबद्दल विचारत राहते. हा आडदांड माणूस आधी खेकसतो, मग गप्प होतो आणि एका क्षणी ढसाढसा रडतो. ए. आर. रहमान यांच्या संगीतातली ही अंगाई झेब बंगश यांच्याबरोबर आलियानेही गायली आहे. त्या सुरांमध्ये सगळ्या सिनेमाचं मर्म आहे.

आणि मग डोंगरातलं ते छोटं घर येतं. वीरा ते झाडते, लावते, चूल पेटवते, भातुकली मांडावी तसा संसार मांडते. महाबीर दारातून हे बघतो आणि त्याला आत पाऊल टाकवत नाही. कुणीतरी आपल्यासाठी घर लावतंय हे त्याला सहनच होत नाही. ज्याला प्रेमाची सवय नाही त्याला प्रेम मिळालं की आधी दुखतं. तुमच्या ओळखीत एखादा असा माणूस असेल, ज्याला जरा माया दाखवली की तो चिडतो, चेष्टा करतो किंवा उठून निघून जातो. त्याच्याकडे या प्रसंगानंतर जरा वेगळ्या नजरेने बघाल.

पण याला प्रेम म्हणायचं का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पळवून नेणाऱ्यावर पळवलेल्या मुलीचा जीव जडतो, ही गोष्ट ऐकायलाही अस्वस्थ करणारी आहे. सिनेमा आला तेव्हा 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द पुष्कळांच्या तोंडी होता. ऑगस्ट १९७३ मध्ये स्वीडनची राजधानी स्टॉकहोममध्ये एका बँकेत दरोडेखोरांनी कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. सुटका झाल्यावर ओलीस राहिलेले लोक दरोडेखोरांची बाजू घेऊ लागले. तेव्हापासून हे नाव पडलं.

ही शंका रास्त आहे. महाबीर सुरुवातीला वीराला मारतो, धमकावतो, विकायची भाषा करतो. हे प्रेम नव्हे, आणि पुढे तो हळवा झाला म्हणून आधीचं माफही होत नाही. एखाद्या मुलीने 'हायवे' बघून "माझा तो रागीट आहे, मारतोसुद्धा, पण आतून हळवा आहे, माझ्या प्रेमाने सुधारेल" असं मनाशी धरलं, तर तिने या सिनेमातून चुकीची गोष्ट घेतली. हात उगारणाऱ्याला सुधारणं हे प्रेयसीचं काम नाही आणि बायकोचंही नाही.

माझ्या मते सिनेमाला काय म्हणायचंय हे त्याच्या शेवटात दिसतं. महाबीर वाचत नाही. त्या डोंगरातल्या घराबाहेर पोलिसांच्या गोळीने तो मरतो. म्हणजे ज्याच्यावर तिने जीव लावला तो माणूस तिला बरं करायला उरतच नाही. तिची पुढची लढाई तिला एकटीलाच लढायची आहे. त्याच्या सोबतीत तिला एकच गोष्ट मिळाली. आपण खरं बोलू शकतो आणि आपलं बोलणं कुणी खरं मानू शकतं, हा विश्वास. त्या विश्वासाच्या जोरावर ती घरी परत जाते.

घरात फुटलेली किंकाळी

परतल्यावर घरचे तिला जपतात, औषधं देतात, झोपवतात. सगळं पुन्हा आधीसारखं व्हावं अशी त्यांची धडपड असते. झाकली मूठ सव्वा लाखाची! लग्न ठरलेला मुलगा, नातेवाईक आणि ते काकाही तिथेच असतात.

आणि वीरा बोलते. सगळ्यांसमोर, त्या काकांकडे बोट दाखवून. वडिलांना विचारते, की तुम्ही मला बाहेरच्या जगाला जपून राहायला शिकवलंत, मग घरातल्या माणसांबद्दल का नाही सांगितलंत? मग शब्द संपतात आणि ती ओरडते. कानठळ्या बसवणारी, लांबच लांब किंकाळी. लहानपणी हाताने दाबलेली ती किंकाळी इतक्या वर्षांनी बाहेर पडते.

त्यानंतर ती घर सोडते. शेवटी आपल्याला ती डोंगरात दिसते. स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या घरात राहणारी. तिला समोरच्या कुरणावर दोन लहान मुलं खेळताना दिसतात, एक मुलगी आणि एक मुलगा. ती आणि महाबीर, काहीही वाईट घडण्याआधीचे.

बरं होण्याच्या तीन पायऱ्या

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मनावरच्या आघातांबद्दल एक पुस्तक लिहिलं. या विषयात ते आजही पायाभूत मानलं जातं. आघातातून सावरण्याचे तीन टप्पे त्यांनी मांडले. पहिला, सुरक्षित वाटणं. दुसरा, जे घडलं ते आठवून सांगणं आणि जे हरवलं त्याबद्दल मनसोक्त रडणं. तिसरा, जगाशी पुन्हा नातं जोडणं.

आता 'हायवे' आठवा. ट्रकमधला मोकळा श्वास, महाबीरसमोर सांगितलेली गोष्ट, डोंगरातलं स्वतःचं घर. क्रम तोच आहे. फक्त पहिला टप्पा तिला घरात मिळायला हवा होता, तो रस्त्यावर मिळाला.

खऱ्या आयुष्यात हे टप्पे असे सरळ जिन्यासारखे येत नाहीत. माणूस दोन पायऱ्या चढतो, एक उतरतो. वर्षभर सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक एखादा वास, एखादा आवाज, कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस यांनी सगळं वर येतं. याचा अर्थ बरं होणं थांबलं असा नाही.

मग घराने काय करायचं?

'हायवे'तल्या घराने जे केलं नाही ते एका दुसऱ्या सिनेमातल्या घराने केलंय. मीरा नायर यांचा 'मान्सून वेडिंग' २००१ साली आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च 'गोल्डन लायन' मिळाला. तिथेही दिल्लीतलं लग्नघर आहे आणि तिथेही एक मानाचा पाहुणा आहे, ज्याचे घरावर उपकार आहेत. रिया (शेफाली शाह) लहान असताना त्याने तिच्यावर अत्याचार केलेला असतो. आता तो घरातल्या दुसऱ्या एका लहान मुलीशी सलगी करताना दिसतो, तेव्हा रिया सगळ्यांसमोर तोंड उघडते.

रियाच्या काकांपुढे (नसीरुद्दीन शाह) पेच आहे. मुलीचं लग्न उद्यावर आलंय. समोरचा माणूस बहिणीचा नवरा. त्याचे पैसे, त्याचा मान, चार लोक काय म्हणतील. रात्रभर ते तळमळतात. दुसऱ्या दिवशी भर लग्नघरात ते त्या माणसाला निघून जायला सांगतात. लग्न मोडत नाही, उलट त्यानंतरच घर खऱ्या अर्थाने नाचतं.

वीराच्या वडिलांचं घर आणि हे घर, दोन्हीकडे पैसा आहे, प्रतिष्ठा आहे, मुलीवर मायाही आहे. एका घराने मान वाचवला, दुसऱ्याने मुलगी वाचवली.

प्रेम वेगळं, उपचार वेगळा

आलियाचाच आणखी एक सिनेमा इथे आठवतो. २०१६ साली आलेला 'डिअर जिंदगी'. दिग्दर्शिका गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या. यातल्या कायराला लहानपणी आईवडिलांनी आजीआजोबांकडे ठेवलेलं असतं. आपल्याला टाकून दिलं, हा सल तिच्या मनात राहतो. मोठेपणी कुणी तिला सोडून जाण्याआधी तीच त्याला सोडून देते. मुंबईत एकामागोमाग नाती मोडतात, झोप उडते आणि गोव्याला घरी आल्यावर ती एका थेरपिस्टकडे जाते. ही भूमिका शाहरुख खानने केली आहे.

शेवटी कायराला वाटू लागतं, की आपण याच माणसाच्या प्रेमात पडलोय. थेरपिस्ट तिला न दुखावता, पण ठामपणे नाही म्हणतो. आपल्या सिनेमात असं क्वचितच घडतं. ज्याने ऐकून घेतलं त्याच्यावर जीव जडणं साहजिक आहे. पण ऐकणं हे थेरपिस्टचं काम आहे, आणि त्या कामाची मर्यादा पाळली तरच पुढच्या नात्यात कायरा मोकळ्या मनाने जाऊ शकेल. 'हायवे'त प्रेम आणि बरं होणं एकमेकांत मिसळून गेलंय. 'डिअर जिंदगी' ते दोन्ही वेगळं करून दाखवतो. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितलेत तर घरात गप्पांना चांगला विषय मिळेल.

तुमच्या जोडीदाराने असं काही सांगितलं तर

लग्नाला दोन वर्षं झाली असतील किंवा वीस. एका रात्री जोडीदार असं काही सांगतो, जे त्याने किंवा तिने आजवर कुणालाच सांगितलेलं नसतं. त्या वेळी तुम्ही काय बोलता यावर पुढचं खूप काही अवलंबून असतं.

• आधी विश्वास ठेवा. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नव्हती." त्या क्षणी एवढं पुरतं.

• "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हा प्रश्न विचारू नका. तुम्हाला ती उत्सुकता वाटते, ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो.

• खोदून खोदून तपशील विचारू नका. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच ऐका. बाकीचं पुढच्या महिन्यात येईल, पुढच्या वर्षी येईल किंवा कधीच येणार नाही.

• "मी त्याला बघून घेतो" म्हणून तावातावाने उठू नका. अशाने तुमच्या रागाला सांभाळण्याचं काम पुन्हा तिच्यावरच येतं. पुढे काय करायचं हे तिला ठरवू द्या.

• "विसरून जा आता" म्हणू नका. विसरता आलं असतं तर ती कधीच विसरली असती.

• स्पर्शाच्या बाबतीत विचारत चला. नवराबायको असलात तरी. एखाद्या दिवशी "आज नको" आलं तर ते तुमच्यावरचं प्रेम कमी झाल्याचं लक्षण नाही.

• ही गोष्ट तुमच्या आईला, बहिणीला, मित्राला परस्पर सांगू नका. ती तुमची नाही.

आणि हे सगळं पुरुषांनाही लागू आहे. लहानपणी मुलग्यांवरही अत्याचार होतात, पण पुरुषाने सांगितलं तर लोक हसतील ही भीती त्याला आयुष्यभर गप्प ठेवते. नवरा असं काही सांगत असेल तर त्याचंही तितक्याच गांभीर्याने ऐका.

तुम्ही कितीही जीव लावलात तरी तुम्ही डॉक्टर नाही, हेही ध्यानात ठेवा. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मदत घ्यायलाच हवी. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की बेंगळुरूला, आपल्या भाषेत मन मोकळं करता येणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि मूल काही सांगत असेल तर

वीराची गोष्ट तिने आईला सांगितली त्याच दिवशी वेगळी झाली असती. म्हणून आईवडिलांसाठी हे खास.

मुलं असल्या गोष्टी मोठ्यांच्या शब्दांत सांगत नाहीत. "मला त्या काकांकडे नाही जायचं." "ते आले की मी आजीकडे झोपू?" "त्यांनी दिलेलं चॉकलेट मला नको." असं काहीतरी आडवळणाने येतं. अशा वेळी "असं बोलू नये, मोठे आहेत ते" म्हणून गप्प करू नका. थांबा, जवळ बसा, शांतपणे विचारा. "नमस्कार कर, पापी दे, मांडीवर बस" अशी सक्ती मुलांवर करू नका. पाहुण्यांना थोडं वाईट वाटलं तरी चालेल. नाही म्हणायची सवय मुलाला घरातच लागली पाहिजे.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला 'पॉक्सो' कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्याने तो पोलिसांना कळवणं या कायद्याने बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात असता कामा नये आणि मुलाची ओळख उघड करता येत नाही. तातडीच्या मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे १०९८.

पुन्हा बघताना

'हायवे' आता बघाल तर आधीपेक्षा वेगळा दिसेल. 'पटाखा गुड्डी' हे गाणं तेच आहे, छायाचित्रकार अनिल मेहता यांनी टिपलेले बर्फाचे डोंगरही तेच. पण या वेळी वीराच्या आईकडे लक्ष ठेवा. सिनेमात ती वाईट बाई नाही. मुलीवर तिचा जीव आहे, लग्नासाठी तिने एकेक दागिना निवडून घेतलाय. फक्त एके दिवशी, पंधराएक वर्षांपूर्वी, मुलगी काहीतरी सांगायला आली तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं.

प्रेमाने जखम भरते का? नुसत्या प्रेमाने भरत नसावी, कारण प्रेम तर त्या आईकडेही होतं. ऐकून घेण्याची तयारी असेल तर भरायला सुरुवात होते. त्यासाठी हायवे गाठायची गरज नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा, फोन बाजूला ठेवा आणि घरातलं कुणी काही सांगायला आलं तर त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या.